सारिकाच्या गाडीतली मऊ स्प्रिंग

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. फौजेतल्या दोस्तांजवळही नाही — आणि त्यांच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं नाही. तुम्ही समोर स्टुलावर बसला आहात असं धरून सांगतो. मध्येच थांबलो, भलतीकडं वळलो, तर वळू द्या. परत येईन.

आधी मी कोण ते सांगतो. ते माहीत नसलं तर पुढचं नुसती एक चूक वाटेल — आणि ती नुसती चूक नव्हती.

गाव माझं साताऱ्याकडचं. घरी ऊस आहे, तो भाऊ बघतो. मी सतरा वर्षं फौजेत होतो, गाड्यांच्या वर्कशॉपात. परत आल्यावर सांगलीत विश्रामबागला गॅरेज टाकलं. सगळे मला फौजी म्हणतात. माझं खरं नाव निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसेल. इंजिनाचं काम कुणीही करतं हो. माझं नाव झालं ते वेगळ्याच कामावर — गाडी माणसावर बसवून देणं.

म्हणजे काय? कंपनी मोटारसायकल बनवते ती एका ठरावीक मापाच्या माणसासाठी. तो माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणी सहा फुटी, कुणाचे पाय जमिनीला पोचत नाहीत. कुणी एकटाच हिंडतो, कुणाच्या मागं दोन दुधाचे कॅन, कुणाची बायको आणि दोन पोरं. सगळ्यांना एकच गाडी, एकच उंची, एकच स्प्रिंग — मग कुणाची कंबर जाते, कुणाची मान, कुणी वळणावर सरकतो. मी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतो. टाचेखाली किती फट राहते ते बघतो. मागचं टोक किती खाली जातं ते पट्टीनं मोजतो. मग मागच्या शॉकअपच्या खाचा फिरवतो — एक खाच चढवली की स्प्रिंग कडक, उतरवली की मऊ. लागलं तर शॉकअप बदलून आखूड घालतो, पुढच्या चाकाचे पाइप वर सरकवतो, म्हणजे पुढचं-मागचं सारखं उतरतं. गाडी खाली घेतली की साइड स्टँडही कापून आखूड करावा लागतो, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडं कलंडते. हे बऱ्याच मिस्त्र्यांच्या ध्यानातसुद्धा येत नाही. माझ्या येतं.

आणि एक गोष्ट मी फौजेतून घेऊन आलो. रिकामी गाडी कधी पास करायची नाही. जेवढं वजन रोज लादणार, तेवढं लादा, मग चालवा, मग सही करा. म्हणून गॅरेजात आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला — मागं काय लादता?

मी या कामात चांगला आहे. हे बोलायला मला संकोच वाटत नाही. उगाच हात जोडून ‘आपलं काय, साधा मिस्त्री’ असलं मला जमत नाही. पण म्हणूनच — तुम्ही मनातल्या मनात माझ्या बाजूनं काही शोधायला लागाल, की बिचाऱ्याला कळलं नसेल, गडबडीत राहून गेलं असेल — तर ते शोधू नका. मला कळलं होतं.

सारिका पहिल्यांदा आली त्याला पाच वर्षं होतील. कवठे महांकाळच्या पलीकडं एका वाडीतली. तीस-बत्तिशीची, बुटकी, काटक. तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या मेंढ्या-शेळ्या घेऊन हिंडणारे, आता थोडी जिरायत जमीनही करतात. नवरा महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, महिन्यातून एकदा घरी येतो. त्याची मोटारसायकल घरी उभीच होती. हिनं काय केलं — माळावर ती स्वतःच शिकली. कुणी शिकवलं नाही. आणि मग ती गाडी घेऊन, पन्नासेक किलोमीटर चालवत, माझ्याकडं आली. का? तर पाय पोचत नव्हते. थांबायचं झालं की रस्त्याकडेचा दगड नाहीतर बांध बघावा लागायचा.

मी तिला गाडीवर बसवलं. टाचा चार बोटं वर. काम सोपं होतं. एका लहान, हलक्या गाडीचे आखूड शॉकअप माझ्याकडं पडून होते, ते बसवले. मऊ स्प्रिंगचे. वर आणखी त्यांना सगळ्यात खालच्या खाचेवर ठेवलं, म्हणजे ती बसली की गाडी अजून जरा दबेल आणि पाय पुरते टेकतील. पुढचे पाइप सरकवले. स्टँड कापला. तिनं गॅरेजसमोर एक फेरी मारली, थांबली, दोन्ही पाय सपाट जमिनीवर ठेवले — आणि हसली. मी पाहिलं, गाडी तिच्या हातात छान होती. वळवताना खांदे सैल, नजर लांब. असं चालवायला कित्येक पुरुषांना जमत नाही.

सगळं केलं. एक सोडून.

मी तिला विचारलंच नाही, की मागं काय लादता.

का नाही विचारलं? ... हे मी स्वतःला खूपदा विचारलंय आणि उत्तर दरवेळी तेच येतं. बाई होती म्हणून. बाई गाडीवरून कुठं जाणार — बाजारात, माहेरी, पोरीच्या शाळेत. मागं फार तर एक पिशवी. असं मी धरून चाललो. धरून चाललो हेसुद्धा मला कळलं नाही, इतकं ते सहज होतं.

ती काय लादत होती ते ऐका. सारिका पशुसखी होती. म्हणजे एका संस्थेनं शिकवून तयार केलेली, शेळ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी बाई. सात वाड्या तिच्याकडं होत्या. म्हातारी माणसं तिला ‘शेळ्यांची डॉक्टरीण’ म्हणायची. गाडीच्या मागच्या कॅरेजवर लशींचा बर्फाचा डबा, आणि त्याच्यावर शेळ्यांच्या खुराकाची दोन पोती. पन्नास-साठ किलो सहज. माझ्या त्या मऊ स्प्रिंगवर.

पंधरा दिवसांनी ती परत आली. गॅरेजात त्या दिवशी गर्दी होती. लडाखला निघालेली चार पोरं त्यांच्या भारी गाड्या घेऊन आली होती, त्यांचं काम चाललेलं. सारिका कडेला उभी राहिली आणि जरा वाट बघून म्हणाली, “आवं फौजी, मोकळी असली की गाडी ब्येस पळतीया. पर डबा लादला की म्होरनं हलकी लागती. हँडल हातात ऱ्हात न्हाई.”

तुम्हाला या वाक्यातलं कदाचित काही कळलं नसेल. मला कळायला हवं होतं. एखाद्या मुरलेल्या मिस्त्र्यानं सांगावं इतकं नेमकं तिनं सांगितलं होतं. मागची स्प्रिंग वजनानं पार बसते, मग पुढचं चाक जमीन नीट धरत नाही — झालं, दुसरं काही नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता आणि त्याला हे वाक्य सांगून मी परीक्षा घेतली असती, तर त्यानं चुटकीसरशी ओळखावं अशी माझी अपेक्षा असती. आणि मी काय केलं? तिची गाडी घेऊन शंभर फुटी रस्त्यावर एक चक्कर मारली. रिकामी. परत येऊन म्हणालो, चांगली आहे की, तुम्ही हँडल फार आवळून धरता, सैल धरा, सवय होईल.

ती ‘बरं’ म्हणून गेली.

आणि तिनं सैल धरलं. मी सांगितलं होतं म्हणून सैल धरलं.

त्यानंतर आठवड्याभरात ती पडली. ओढ्याच्या उतारावर, खडीवर. डब्यासह, पोत्यांसह. डाव्या हाताचं मनगट मोडलं. लशी सगळ्या मातीत. दीड तास ती तिथंच बसून होती, मग कुणीतरी ट्रॅक्टरवाला आला.

चौथ्या दिवशी गाडी छोट्या टेंपोतून माझ्याकडं आली. सोबत तिचे सासरे बिरूआण्णा — पिळदार मिशांचा, कमी बोलणारा माणूस — आणि धाकटा दीर दादासो. आणि सारिका. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तिला आणायची तशी काही गरज नव्हती. पण आणली होती. न्याय व्हायचा होता ना, मग जिचा व्हायचा ती समोर नको?

दुपारची वेळ. मी म्हणालो, तुम्ही समोर चहा घ्या, तोवर मी बघतो. ते रस्त्यापलीकडं टपरीवर गेले. मी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागं वाकलो, बॅटरी मारून मडगार्डच्या आतल्या बाजूला बघितलं.

आतला पत्रा घासून चकचकीत झालेला होता. टायरवर मधोमध घासल्याचा पट्टा. वजन पडलं की चाक वर जाऊन मडगार्डला लागत होतं — एकदा-दोनदा नाही, रोज. शॉकअप शेवटपर्यंत बसत होते. कॅरेजला अजून पोत्याची सुतळी गुंडाळलेली होती. ती सुतळी हातात घेतली आणि मला सगळं समजलं. डबा. ‘डबा लादला की.’ तिनं सांगितलं होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी, इथंच उभं राहून, सांगितलं होतं.

मी उठून उभा राहिलो. हात पुसले. सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. ‘चूक माझी झाली, स्प्रिंग मऊ पडली.’ एवढंच. दुकान बंद पडलं नसतं. कुणी मला मारलं नसतं. बिरूआण्णा तसे शहाणे, ते मान हलवून म्हणाले असते, बरं, आता नीट करा.

ते परत आले. गॅरेजात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइकं होती. दोघं तर माझं नाव ऐकून तासगावहून आलेले. बिरूआण्णा सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

“फौजी, तुमी शिपाईगडी. खोटं कशापायी बोलाल? सरळ सांगा — गाडीत खोट हाय, का हिच्या हातात?”

सगळी गिऱ्हाइकं बघत होती. सारिकाही बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हे मला आजही आठवतं. उलट — कसं सांगू — खात्री होती. आता फौजी सांगेल, अशी खात्री.

“गाडीत काही नाही, आण्णा,” मी म्हणालो. “हाताला सवय लागते. सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

आवाज माझा अगदी स्थिर होता. मला ऑर्डर द्यायची आणि घ्यायची सवय आहे, माझा आवाज हलत नाही.

सारिका म्हणाली, “पर डबा लादल्यावर म्होरनं—”

“वैनी,” दादासो म्हणाला, “फौजी सांगतोय नव्हं?”

माझ्याकडं बघणं तिनं लगेच थांबवलं नाही. थोडा वेळ बघत राहिली. मग खाली, प्लास्टरकडं.

इथपर्यंत हा भित्रेपणा झाला. भित्रेपणा माणसाच्या हातून होतो, मीही ते जाणतो. पुढचं ऐका.

मी त्यांना म्हणालो, हँडल वाकलंय, फुटरेस्ट वाकलंय, गाडी ठेवून जा, परवा न्या. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम काय केलं असेल? मऊ शॉकअप काढले. त्याच उंचीचे, पण जाड तारेच्या स्प्रिंगचे दुसरे शोधून आणले आणि बसवले. खाच तिसरी. मडगार्डचा घासलेला पत्रा काळ्या रंगानं रंगवला. मागं वाळूची दोन पोती आणि पाण्याचा भरलेला कॅन बांधला आणि मिरजेच्या बाजूला जाऊन आलो, खड्ड्यातून, खडीतून, मुद्दाम. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ गेली. फार सुंदर काम झालं होतं. खरं सांगतो — त्या दहा-पंधरा मिनिटांत मला बरंसुद्धा वाटलं. चला, दुरुस्त केलं, आता ती पडणार नाही.

जुने शॉकअप मी भंगाराच्या ढिगात अगदी तळाशी सरकवले.

पण गाडी न्यायला आला दादासो. आणि ती चालवायला लागला दादासो. आता कळतंय तुम्हाला मी काय केलं ते? मी गाडी गुपचूप सुधारली, आणि ती सुधारलेली गाडी तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. तेवढंच वजन, तशीच पोती, तोच ओढ्याचा उतार. दीर मजेत चालवतो. वाडीतल्या कुणी काय समजायचं? गाडी तीच, मग फरक कशात? बाईच्या हातात. दादासो पुढं सर्व्हिसिंगला यायचा तेव्हा हसत हसत सांगायचा, “लय ब्येस गाडी हाय, फौजी. वैनी उगं नावं ठेवत हुती.”

मी ऑइल बदलत राहायचो. खोटं बोलून गाडी तशीच सोडली असती, तर निदान दादासोही एकदा पडला असता आणि सारिका खरी ठरली असती. मी तिचं तेवढंही ठेवलं नाही.

हळूहळू त्याच्याच बोलण्यातून कळत गेलं. मनगट बरं झालं, पण घरच्यांनी तिला गाडीला हात लावू दिला नाही. नवरा महाबळेश्वरहून आला, त्यानंही तेच सांगितलं. जवळच्या दोन वाड्या तिनं पायी चालू ठेवल्या. लांबच्या पाच संस्थेनं दुसऱ्या गावच्या एका माणसाला दिल्या. त्याच्याकडं गाडी होती.

मागच्या वर्षी एका रविवारी मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं, मी काही डळमळणारा माणूस नाही. सकाळी अंघोळ केली, गाडी काढली, मिरज मागं टाकली आणि सरळ त्यांच्या वाडीवर गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. घरात शिरल्याबरोबर बोलायचं, पाणी प्यायच्याही आधी.

बिरूआण्णा आणि दादासो शेतात गेलेले. सारिका अंगणात शेळीच्या खुरात काही बघत बसली होती. मला बघून गडबडीनं उठली, हात धुतले, बाज टाकली, आणि मी तोंड उघडायच्या आत चहा ठेवायला आत गेली. आतूनच बोलत होती. दोनच वाड्या आता, पण बरं चाललंय. पोरगी आठवीत. चहा घेऊन बाहेर आली आणि कपबशी माझ्या हातात देताना अगदी साधेपणानं म्हणाली —

“तुमी तवा खरं बोलला ते बरं झालं बघा. न्हाईतर मी उगं गाडीलाच दोष देत बसली असती.”

तिरकस नव्हतं ते. मी तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, तिरकसपणा शोधला — असता तर बरं वाटलं असतं. नव्हता. तिला पटलेलं होतं. ज्या बाईनं माझ्याआधी माझी चूक अचूक ओळखली होती, तिनं स्वतःचं ओळखलेलं पुसून माझं खोटं तिथं लिहून घेतलं होतं. मनापासून.

आताच, म्हटलं मी. आता बोल.

एवढ्यात तिची पोरगी बाहेर आली. श्रावणी नाव. आईसारखीच बुटकी, दोन वेण्या. ती अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीभोवती फिरली, सीटवर हात फिरवला, मागं वाकून शॉकअप बघितले. मग आईला म्हणाली, “मम्मी, मी मोठी झाल्यावर शिकू का गं गाडी?”

“नगं बाई,” सारिका म्हणाली. “आपल्या हाताला न्हाई जमत ती. हे फौजीकाका हायती नव्हं म्होरं, त्यास्नी इचार की.”

पोरगीनं माझ्याकडं वळून बघितलं.

“व्हय काका? न्हाई जमत?”

ती विचारत होती. सांगत नव्हती, विचारत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. आई, पोरगी आणि मी — तिघंच होतो अंगणात. या वेळी बघायला गिऱ्हाइकं नव्हती, तासगावहून आलेलं कुणी नव्हतं, जाण्यासारखं कसलं नावही नव्हतं. त्या दिवशी गॅरेजात मला ज्याची भीती वाटली, त्यातलं एकही तिथं नव्हतं.

मी मान डोलावली. आई म्हणते ते बरोबर, अशी.

पोरगी ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. मी उरलेला चहा प्यायलो. कपबशी बाजेखाली ठेवली. सारिका फाटकापर्यंत आली, म्हणाली, येत जावा कवा तरी. मी ‘येतो’ म्हणालो, आणि निघालो.

त्यानंतर मी तिकडं गेलेलो नाही. श्रावणी आता नववीत असेल. सारिका दोन वाड्या पायी करते. माझं गॅरेज चांगलं चालतं.